कादंबरीची भिंत

लेकीच्या खोलीतली भिंत ओलीने काळी पडली आणि पोर खोकून खोकून बेजार झाली. मी गवंड्याचं नाव काढलं की आमचे लेखकमहाशय हात जोडायचे. "माझी अख्खी कादंबरी त्या भिंतीवर उभी आहे गं. लिहून होईपर्यंत तिला हात लावू नकोस."

कादंबरी झाली, पुरस्कारही मिळाला. पानापानाला ओलीचा वास येतो म्हणत परीक्षकांनी ती डोक्यावर घेतली.

"आता तरी बोलावू गवंड्याला?" मी विचारलं.

"थांब जरा. उद्या टीव्हीवाले त्या भिंतीचं शूटिंग करायला येतायत."

मग आरशात बघून कॉलर नीट करत म्हणाले,


"तेवढा वेळ पोरीला शेजारी नेऊन बसव. नाहीतर सगळ्या शूटिंगमध्ये तिचा खोकलाच ऐकू येईल."