न धुतलेली ताटली

बाळाला आज शंभर दिवस झाले. तांदळाच्या पांढऱ्या वड्या पहाटेच वाफेवरून उतरल्या आणि सासूबाईंनी त्या दारोदार धाडल्या. शंभर घरांनी वडी खाल्ली, की लेकराला शंभर वर्षांचं आयुष्य.

मिरान बाळाला पाजून उठली, तेव्हा तिला कोपऱ्यातलं रिकामं खोकं दिसलं. ती कामाला होती त्या कारखान्याचं. साहेबांनी बाळासाठी ओल्या रुमालांची पाकिटं पाठवली होती.

"आई, पाकिटं कुठायत?"

"वड्यांच्या एकेका ताटलीवर एकेक ठेवलं. साठवून काय त्यांना पिल्लं होणार होती?"

तोंड धुण्याच्या फेसात जे मळ काढणारं रसायन असतं, तेच त्या रुमालांत होतं. नियम साधा होता: ते अंगावर राहता कामा नये. म्हणून पाकिटाच्या कडेला मुंगीएवढी ओळ छापली होती, 'वापरल्यावर पाण्याने धुवावे.' ओळ छापली की नियम पाळला, असं साहेब म्हणाले होते. छपाईच्या नमुन्यावर सही मिरानची होती.

"पुसल्यावर धुवायचं असतं, आई."

सासूबाई हसल्या. "धुवायचंच, तर पुसायचं कशाला गं?"

दुपारी दार वाजलं. समोरची ओकबुन ताटली परत घेऊन आली होती. ताटलीत दोऱ्याची पांढरी लड, लांब आयुष्याची खूण. कडेवर लेक. चंद्राला खळं पडावं तसं त्या पोरीच्या तोंडाभोवती लाल कडं उमटलं होतं.

"दात येतायत वाटतं," ओकबुन सासूबाईंना म्हणाली. "सकाळपासून पुसतेय, तरी किरकिर थांबत नाही. आणि काकू, ताटली धुतली नाही हं! नशीब वाहून जाईल ना. तुमच्याच रुमालाने लख्ख पुसली."

"तिचं तोंड धू आधी," मिरान म्हणाली. " भरपूर पाण्याने."

"का गं?"

मिरानने ताटली खाली ठेवून दोऱ्याची लड काढून घेतली. ओकबुन गेली तशी तिने ताटली उचलली आणि नळ सोडला.

मागून सासूबाईंचा हात आला. नळ बंद झाला.

"आजच्या दिवशी नको, सूनबाई."

त्यांच्या दुसऱ्या हातावर बाळ होतं. ओठांवर दुधाचा थेंब. सासूबाईंनी कमरेला खोचलेल्या पाकिटातून ओला रुमाल काढला आणि गुणगुणत, हळुवार, तो थेंब टिपून घेतला.

बाळाने ओठ चाटले.