सदर सासू

“सदर सासू चाळीस वर्षे जुनी असून तिचा पाया भक्कम आहे,” नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं खणखणीत आवाजात वाचलं आणि तो स्वतःच दचकला.

टेबलासमोर घर विकणारा जावई बसला होता. त्याच्या शेजारी घर घेणारे दातांचे डॉक्टर. आणि मागच्या बाकावर, साक्षीदार म्हणून सही करायला आलेली, मांडीवर कापडी पिशवी घेतलेली खुद्द सासू.

“वास्तू असेल हो ते. टायपिंगची चूक,” जावई घाईघाईनं म्हणाला.

“असेल. पण सहीआधी दस्त शब्दन् शब्द वाचायचा, असा इथला नियम आहे.” कारकुनाची नोकरी कोरडी ठणठणीत होती. असा दिवस काही रोज उजाडत नव्हता. “सासूच्या पूर्वेस रस्ता, पश्चिमेस लॉन्ड्री. सासूला पावसाळ्यात कोठेही गळती नाही.”

मागच्या रांगेतली माणसं रांग सोडून टेबलाभोवती जमली.

“खरेदीदाराने सासू आतून-बाहेरून पाहून खात्री करून घेतली आहे.”

“मी फक्त दात बघतो हो!” डॉक्टर कळवळले.

“खरेदीदारास सदर सासू पाडून त्या जागी नवी उभारण्याची मुभा राहील.”

कार्यालय खो खो हसत सुटलं. जावयालाही हसू आवरेना. वकिलाच्या ऑफिसात एकतीस वर्षं टायपिंग केलेली ही बाई अकरा वर्षं त्याच्याकडे राहत होती, आणि त्याच्या किराणा सामानाच्या यादीतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारत होती. हा दस्तही तिनंच टाइप केला होता. आज तिची बरी जिरली, असं त्याला वाटलं.

“आता शेवटचं कलम,” कारकून डोळे पुसत म्हणाला. “आजपासून विकणाऱ्याचा सदर सासूशी कोणताही संबंध उरणार नाही.”

जावयानं हसत हसत मागे पाहिलं. सासू हसत नव्हती. ती पिशवीच्या बंदांशी चाळा करत होती.

नवं घर दोन खोल्यांचं होतं. आईची खाट कुठं टाकायची, हे बायको तीन आठवडे विचारत होती आणि तो तीन आठवडे ‘बघू’ म्हणत होता. जुन्या घराच्या भिंती भक्कम असल्या तरी दारं पातळ होती, हे त्याला आत्ता आठवलं.

“मग? करताय सही?” कारकुनानं विचारलं. “एकदा केलीत की बांधले गेलात.”

“बघू,” जावई सवयीनं बोलून गेला.

“अहो, करारात बघू नसतं. एक तर हो, नाहीतर नाही.”

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून तो म्हणाला, “नाही. डॉक्टर, तुम्ही वास्तू घ्या. सासू माझ्याकडेच राहणार. आतली खोली त्यांची. आम्ही बाहेर झोपू.”

“हे लेखी हवं का?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना सासू अंगावर पडायची धास्ती अजून होतीच.

“तोंडी शब्दही माणसाला बांधतो. साक्षीदार असले म्हणजे झालं.” कारकुनानं भोवतालची डोकी मोजली. “नऊ आहेत. पण हा दस्त काही चालायचा नाही. नवा टाइप करून आणा. म्हणजे आजचा दिवस फुकट.”

“फुकट कशाला?” सासू उठून टेबलापाशी आली. “जावईबापू, जरा सरका.”

तिनं पिशवीतून दस्ताची दुसरी प्रत काढून पुढे ठेवली. जावयानं भराभर पानं चाळली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या कलमापर्यंत सगळीकडे वास्तूच होतं, आणि काना-मात्रेची एकही चूक नव्हती.