शिंपल्यांचं माहेर

डोहात माणसं उतरलेली दिसली तशी गोजाबाई टोपली टाकून धावत सुटली. लुगडं खोचून, काटेकुटे न बघता, तोंडानं शिव्या घालत. सीना नदीतले शिंपले काढायचे ते खालच्या वाळूत. वरच्या या डोहाला वस्तीतली कुणी बाई हात लावत नसे. उलट हंगाम संपला की टोपलीतले बारके, जिवंत शिंपले इथं आणून सोडायच्या. शिंपल्यांचं माहेर म्हणत या जागेला. इथली पैदास खाली पसरायची, मग वर्षभर वस्तीच्या चुन्याच्या भट्ट्या पेटायच्या. सोलापुरात गिरणी सुटली की माणसं तंबाखू मळायला बोटभर चुना घ्यायची, तो इथला. अख्खी वस्ती त्या बोटभर चुन्यावर जगत होती, चेष्टा नव्हे!

डोहाच्या मधोमध शेजारची चंद्रव्वा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. भोवती शिंपले उपसायला आलेले सोलापूरच्या ठेकेदाराचे चार गडी. गोजाबाईचा जीव भांड्यात पडला. शाबास गं माझ्या बाई, अडवलंस त्यांना!

"चंद्रे, सोडू नको मुडद्यांस्नी! आले मी!"

चंद्रव्वानं वर बघितलं नाही. ती पायानं गाळ चाचपत होती. गढूळ पाण्यात शिंपला डोळ्याला दिसत नाही, तळपायालाच कळतो. अक्कलकोटाकडून आलेल्या या नवख्या सुनेला ते गोजाबाईनंच हात धरून शिकवलं होतं.

"हितं," चंद्रव्वा गड्यांना म्हणाली. "हितनं काडा."

गोजाबाई काठावरच थबकली. ही मेली अडवत नव्हती, दाखवत होती!

"बीज हाय की गं ते! फुडल्या साली भट्टीत काय घालशील, माती?"

"आमच्या घरधन्याला मुकादम करनार हायेत, अक्का. मी न्हाय तर दुसरी कुनी दावलंच असतं की."

"दुसरी कोन गं? इतकी वर्सं कुनी दावलं न्हाय. तू दावलंस!"

गोजाबाई तशीच पाण्यात शिरली. गड्यांच्या पुढ्यात पाय रोवून उभी राहिली. संतापानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"लावा हात. बघतेच."

गडी एकमेकांकडे बघू लागले. म्हातारीच्या अंगाला हात कसा लावायचा? एकानं तर टोपली उचलून काठाची वाट धरली.

चंद्रव्वानं त्याला हाक मारली.

"चाललास कुटं? तिला बाजूला घ्या. समद्यात दाट शिंपले तिच्या पायाखालीच हायेत."