पाचवडचा फाटा

पंप साफ झाला, कार्बोरेटर धुऊन झाला, तरी पेट्रोल काही इंजिनापर्यंत पोचेना. मग दस्तगीर मिस्त्री नळी चाचपत ड्रायव्हरच्या सीटखाली वाकले आणि तिथूनच म्हणाले, "कुमुदताई, इथं कुणीतरी पितळी कॉक बसवलाय. तोच अर्धवट अडकलाय."

"तो कशाला?"

"कंपनीचा नव्हे हा. फिरवला की पेट्रोल बंद. अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन गाडी आपोआप थांबणार."

कुमुदताईंच्या हातातला चहा तसाच राहिला. दरवर्षी कुलदैवताला जाताना ही गाडी नेमकी पाचवडच्या फाट्यावर, त्यांच्या माहेराशी बंद पडायची. देवाला निघाल्यावर सुनेनं माहेरी थांबायचं नाही, हा मागच्या सीटवरच्या सासूबाईंचा दंडक. पण गाडीच रुसली तर सासूबाई तरी काय करणार? मुक्काम माहेरीच पडायचा. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"विकून टाका हा खटारा," असं कुमुदताई गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला दरवेळी सुनवायच्या. त्यांनी ते शेवटपर्यंत हसण्यावारी नेलं.

"काढून टाकू ना कॉक?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको," कुमुदताई म्हणाल्या. "सहज फिरेल असा करून द्या."