कॅप्टनचे नातेवाईक

अहमदपुरात मलप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, पण 'जुनी विमानं' या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. फोटोत नुसती शेपटी दिसली तरी गडी विमानाचं साल सांगून मोकळा व्हायचा.

लेकीनं बंगळूरची विमानाची तिकिटं पाठवली, तेव्हा बायकोनं, रत्नम्मानं विचारलं, "अहो, विमानात तो कमरेचा पट्टा सोडायचा कसा?"

मलप्पांनी उगाच चष्मा पुसला. "त्याचं असं हाय, महायुद्धातल्या विमानात..."

"महायुद्ध राहू द्या. आपल्याला मंगळवारी जायचंय."

शेवटी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "एका नातेवाइकासाठी विचारायलोय. विमानातला पट्टा कसा सोडतात?"

पंखाच्या एका खिळ्यावरून तीन-तीन दिवस भांडणारे आठशे सभासद! मेसेज सगळ्यांनी वाचला, पण एकानंही तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मुरुडच्या बालाजीरावांचा मेसेज आला. हे ग्रुपवर कॅप्टनची एकही चूक सोडत नसत. आज मात्र त्यांनी ग्रुप टाळून एकट्या मलप्पांना लिहिलं होतं:

"कॅप्टन, तुमचे नातेवाईक जाऊन आले की मलाबी कळवा. माझाबी एक नातेवाईक लई वर्षांपासून विचारायलाय."