पितृपक्षातली गाडी

पितृपक्ष चालू असल्यामुळे शिरूरच्या त्या शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. विक्रमने निवडलेली छोटी पांढरी गाडी दारात उभी होती आणि सारजाबाई सेल्समनच्या देखतच लेकाला बोलत होत्या.

“पितरांच्या दिवसांत कुणी साधी कढई तरी घेतं का? दसरा तीन आठवड्यांवर आलाय. रांजणगावच्या कंपनीत साहेब झालास, पर अक्कल न्हाई आली.”

“आत्ता सूट हाय, आई.”

“आन् दसऱ्याला न्हाई व्हय? सांगा हो, दादा.”

“दसऱ्याला जास्त आहे, मावशी,” सेल्समन म्हणाला. “मी साहेबांना कालपासून तेच सांगतोय.”

विक्रमने कागद पुढे ओढून घेतले. आईला त्याने तिच्या पोटात साधा अल्सर आहे, एवढंच सांगितलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलेले दिवस दसऱ्यापर्यंत पुरणारे नव्हते. जन्मभर एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या आईला एकदा तरी घरच्या गाडीत बसवायचं होतं. त्याने कागदांवर सही केली. सेल्समन चावी आणायला आत गेला.

सारजाबाई पोटावर हात दाबत सावकाश पुढच्या सीटवर बसल्या. विक्रमने वाकून त्यांचा पट्टा लावला, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या,

“बरं केलंस, घेतलीस ती. पुढल्या वर्षी पितरांत मीबी आसंन. मग मी काय तुझ्या गाडीचं वाईट करीन व्हय?”