रविवारची बाटली

हेरॉइन सोडून अर्पिताला सहा महिने झाले होते. रोज व्यसनमुक्ती केंद्रात नर्ससमोर तलफ आवरणारं मेथाडोनचं औषध प्यायचं, मग नोएडाचं ऑफिस गाठायचं. रविवारी केंद्र बंद, म्हणून आज शनिवारी पहिल्यांदाच उद्याच्या डोसची बाटली घरी नेता येणार होती. सांभाळायला जबाबदार माणूस हवा, म्हणून वडील, निवृत्त सुभेदार उदयसिंह, सोबत आले. "आप इनके कौन?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. तेवढ्यात सुभेदारांच्या पलटणीतला जुना सोबती मागे येऊन उभा राहिला. "पडोसी," उदयसिंह बोलून गेले. अर्पिताने मान खाली घातली. "पडोसी को नहीं मिलेगी," म्हणत बाईंनी फॉर्म परत सरकवला. उदयसिंह हळूच म्हणाले, "बाप हूँ इसका." बाईंना ऐकू गेलं नाही. ते मोठ्याने बोलले, सोबत्यानेही ऐकलं. बाईंनी बाटली त्यांच्या हाती दिली. रिक्षात बसल्यावर ते पुटपुटले, "चुकलं माझं, बाळा." त्यांच्या हातून बाटली घेऊन पर्समध्ये ठेवत अर्पिता म्हणाली, "बाबा, पुढच्या शनिवारी आईलाच आणते."